रुळाच्या तुकड्याचे चुकलेले टोल

मी एक जुना रुळाचा तुकडा आहे, मित्रांनो. श्रीरामपूरच्या भंगारातून मला आणलं आणि जामखेड तालुक्यातल्या एका गावात सहकारी दुकानाबाहेर तारेनं टांगलं. गावातल्याच भीमराज आणि सूर्यभान यांनी दुकानाची ही सोसायटी काढली. पहिल्याच दिवशी त्यांनी नियम केला : आधी येईल तो पुढे, मग तो कुठल्याही आळीचा असो. माझे दोन टोल पडले की साखर आली, तीन पडले की रॉकेल, आणि न थांबता वाजलो की सभा. पिठाचे हात तसेच घेऊन बायका धावत यायच्या.

मग मोबाईल आले, रॉकेल बंद झालं. लोक माझ्यावर ओल्या छत्र्या अडकवू लागले.

यंदा दसऱ्यानंतर दुकान ठेवायचं की नाही, यावर सभा होती. माणसं ऊसतोडीला गेली की मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या दारात दुकानाच्या जयमालाताई तेल-मीठ पोचवतात. दुकान गेलं तर त्या म्हाताऱ्यांकडे कोण बघणार?

"अकरापर्यंत पंचवीस सभासद जमले नाहीत, तर बंदची शिफारस करावी लागेल," तपासायला आलेले सहकार खात्याचे साहेब म्हणाले.

पावणेअकराला सोळाच होते. बाकीचे ट्रॅक्टरमध्ये भांडी-अंथरुणं चढवत होते. फोन कुणी उचलेना. जयमालाताईंनी दोन किलोचं वजन उचललं आणि मला ठोकलं. टण, टण, टण. थांबून पुन्हा तीन.

"अगं, लागोपाठ वाजव!" म्हाताऱ्या बनाबाई ओरडल्या. "हे तर रॉकेलचं हाय!"

जयमालाताईंनी वजन पुन्हा उचललं. पण तोवर गल्लीत पत्र्याचे डबे खणखणू लागले होते.

"रॉकेल आलं व्हय?" हनुमंतानं धापा टाकत विचारलं. "ट्रॅक्टर थांबवलाय!"

"रॉकेल न्हाई, सभा हाय. डब्यावरच बस," बनाबाई म्हणाल्या.

एकोणीस. बावीस. चोवीस. तिकडे ऊसतोड टोळीच्या मुकादमानं ट्रॅक्टरचा हॉर्न दाबून धरला. हनुमंत अर्धा उठला.

"अजून एक मिनिट, दादा," जयमालाताई काकुळतीला आल्या.

तेवढ्यात रोहिणी आली, पदराखाली तान्हं बाळ. "सभासदांत सासूबाईंच्या जागी माझं नाव हाय. मोजा की लवकर, हे उठंल!"

पंचवीस!

दुकान ठेवायचं म्हणून सगळे हात वर गेले. रोहिणीनं बाळाला डाव्या हातावर घेतलं आणि उजवा उंच केला.

मित्रांनो, जे सगळ्यांचं असतं, ते सांभाळायला सगळ्यांनी यावं लागतं. तुमच्या गावात सभा असेल, तेव्हा घरातल्या मोठ्यांना हाताला धरून न्या. मग मला कुणी वाजवलं नाही, तरी मी रुसणार नाही.