आल्याचं पेव

सासूबाईंचा खोकला सकाळपासून थांबत नव्हता. चहासाठी मी पातेल्यात पाणी ठेवलं, लाल बोरं चिरून टाकली, मध काढला आणि मग पाहिलं तर घरात आल्याचा तुकडा नाही. आल्यासाठी नावाजलेल्या आमच्या सोसान गावात, आल्याच्या शेतकऱ्याच्या घरात आलं नाही, म्हणजे लाजच की!

"अहो, पेवातून चार गड्डे आणा ना," मी तेसोकना, माझ्या नवऱ्याला म्हटलं.

आमचं पेव अंगणातच आहे. तीन पुरुष खोल, तळाला आडवी भुयारं, त्यांत वर्षाचं आलं. आत काही सडलं की तळाशी वाईट हवा धरते आणि माणूस हाक मारायच्या आत कोसळतो. म्हणून आधी डब्यात पेटती मेणबत्ती ठेवून दोरीने खाली सोडायची. विझली तर उतरायचं नाही. गावात हे पोराटोरांनाही ठाऊक आहे.

"मेणबत्ती सोडलीत का?" मी खिडकीतून ओरडले.

"चार गड्ड्यांसाठी कसली मेणबत्ती? तुझं पाणी उकळायच्या आत वर येतो."

पाणी उकळलं. आटायला लागलं. मी धावत पेवाच्या तोंडाशी गेले, हाका मारल्या, विजेरीचा झोत टाकला. शिडीच्या पायथ्याशी त्यांची पाठ दिसली. हलत नव्हती. ११९ हा आणीबाणीचा नंबर लावला, तर पलीकडची बाई दोनदा म्हणाली, "बारा मिनिटांत पोचतोय. कोणीही खाली उतरू नका."

फोन ठेवला तर सासूबाई कमरेपर्यंत पेवात. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, पायांत नुसते मोजे. मी त्यांना काखेत धरून वर ओढलं आणि घट्ट आवळून तिथेच बसले.

"सोड मला! माझं पोर आहे ते!"

"आई, तुम्ही गेलात तर दोघंही जाल!"

"नवरा मरतोय आणि ही बसलीये! दगडाची आहेस का गं?"

त्या माझ्या मनगटाला कडकडून चावल्या. हवा सोडायचा पंखा शेडमध्ये होता, वीस पावलांवर. पण हात सोडला असता तर त्या पुन्हा उतरल्या असत्या. मी त्यांना धरून राहिले आणि खालून काही आवाज येतो का ते ऐकत राहिले. काहीच येत नव्हता. इतकी भीती मला बाळंतपणातही वाटली नव्हती.

पाठीवर प्राणवायूची नळकांडी बांधलेली बचावपथकाची माणसं आली, उतरली. तेसोकना वर काढलं तेव्हा ओठ निळे होते, पण छाती हलत होती. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात त्यांनी मला ओळखलं.

आता सासूबाई आल्यागेल्याला सांगतात, "सूनबाईने धरलं नसतं तर घरातून दोन मढी निघाली असती. डोकं बघा किती थंड पोरीचं!" लोक माना डोलवतात. मी खाली बघते.

फोन ठेवला तर त्या पेवात होत्या, असं मी सगळ्यांना सांगते. ते खोटं आहे. त्यांनी शिडीवर पहिला पाय टाकला तो मी पाहिला होता आणि मला हायसं वाटलं होतं. कोणीतरी उतरतंय, म्हणजे मला उतरावं लागणार नाही. आणखी दोन पायऱ्या उतरेपर्यंत मी नुसती बघत उभी होते.