दादा म्हणायचं नाही

जपानला पाणी पाजून रशियाची फौज मोकळी झाली, ती मग थांबलीच नाही. काबूल, लाहोर, दिल्ली घेत सातपुडा उतरली, तापीवर घोडे पाण्याला लावले, तेव्हा कुठे इंग्रजांनी तह केला. १९१३ साली तापी ही सरहद्द होती. दक्षिणेला जळगाव, धुळे इंग्रजांचं. उत्तरेला चोपडा, यावल, रावेर झारचं. धुळ्याच्या कचेरीबाहेर वकील मंडळी पानाला चुना लावत वाद घालायची, की दोघांत सुधारलेलं राज्य कोणाचं. सातपुड्याच्या पायथ्याला असल्या वादाला कोणाला सवड नव्हती. आधी इंग्रजाचा जंगलशिपाई कोंबडी उचलायचा, आता रशियाचा घोडेस्वार उचलायचा. कोंबडी तीच, आणि हात जोडून 'दादा' म्हणणारी माणसंही तीच.

जामसिंग त्यातलाच. यावलच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी त्याचं घर. पावसावरची थोडी ज्वारी, बाकी वर्षभर जंगलातला डिंक. डिंक तो इंग्रजी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात गोळा करायचा. पळून जाताना जंगलशिपाई तो डबा टाकून गेला होता. कोणीतरी इंग्रजांच्या दोन हेरांना नाल्यानाल्याने तापीपार पोचवलं, त्याच आठवड्यात गस्तीला जंगलात हा सापडला, काखेत इंग्रजी डबा घेऊन. आणखी पुरावा कशाला हवा?

यावलच्या किल्ल्यात कप्तानापुढे त्याला उभं केलं. दुभाष्या होता यावलचाच तोताराम. फौजेला धान्य पुरवता पुरवता रशियन शिकलेला. हेरांना तू नेलंस का, असं कप्तानाने विचारलं आणि तोतारामने ते जामसिंगच्या बोलीत सांगितलं. जामसिंगने हात जोडले.

"दादा, दादा, मी नही लई गऊ दादा."

पुढचं ऐकायची कप्तानाला गरजच वाटली नाही. रशियन भाषेत 'दा' म्हणजे हो. आरोपी आपल्या तोंडाने हो, हो म्हणतोय, तेही साहेबाच्या भाषेत, मग दुभाष्या मध्ये कशाला? त्याने कारकुनाकडे बघून मान हलवली. हेरांच्या वाटाड्याला एकच शिक्षा होती, किल्ल्यामागच्या भिंतीशी उभं करून गोळी.

जामसिंगची बायको गेंदा फौजेच्या घोड्यांना गवत कापून घालायची. ती भारा घेऊन त्या खोलीच्या खिडकीशीच उभी होती. शिपायांचं आपसातलं 'दा, दा' तिच्या रोज कानावर पडायचं. सुरुवातीला तिला वाटलं होतं, काय वळणाची माणसं ही, एकमेकांना भाऊच म्हणतात. मग तिच्या लक्षात आलं, की घोड्याला पाणी पाजलं का विचारलं की दा, तंबाखू हवी का विचारलं की दा. नवऱ्याचं बोलणं तिने ऐकलं, त्याच वेळी कप्तानाची हललेली मान पाहिली आणि तिच्या हातातला भारा खाली पडला.

तोताराम बाहेर आला तसा तिने त्याला दारातच अडवलं. तुला हे ठाऊक होतं ना, असं तिने सरळ विचारलं. तोताराम आधी इकडेतिकडे बघत राहिला, मग त्याने कबूल केलं. जामसिंगच्या शेजारचा पुना याच शब्दाने गेला होता. तेव्हा तोतारामने कप्तानाला समजावून पाहिलं होतं.

"हाऊ होकार नही, नातं शे, असं सांगं मी त्याले. त्यानी माले थोबाडीत मारी. म्हने, मी ज्याले चाबूक मारस, तो माले मोठा भाऊ कसा म्हनी?"

कप्तान अडाणी होता, पण त्याचा सवाल अडाणी नव्हता.

एक वाट उरली होती. गोळी घालण्याआधी कर्नल स्वतः आरोपीला विचारायचा आणि तो दुसऱ्या दिवशी येणार होता. तिथे तोंडातून 'दा' निघता कामा नये. पुन्हा कप्तानापुढे तोंड उघडायची तोतारामची छाती नव्हती. भाकरी द्यायच्या निमित्ताने त्याने गेंदाला कोठडीच्या गजांपर्यंत मात्र सोडलं.

साहेबाच्या भाषेत 'दा' म्हणजे काय, ते गेंदाने आधी जामसिंगला सांगितलं, मग गजाबाहेर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मी कर्नल शे. बोल, हेर तू लई गया का?"

"नही दादा."

"बायकोले दादा म्हनस?"

"तू साहेब झाली ना आते."

तिला हसूही आलं आणि रडूही. पुन्हा विचारलं, पुन्हा दादा. त्याचा बाप, त्याचा आजा, टोपी दिसली की सगळ्यांच्या तोंडून हाच शब्द निघालेला. तो न म्हणता साहेबाशी बोलायचं, म्हणजे लंगोटी सोडून बाजारात उभं राहायचं. शेवटी तिने विचारलं, बैलाला काय म्हणतोस?

"चाल रे म्हनस."

"मंग त्याले भी रे म्हन."

"साहेबले रे? तो जीव लिई मना."

"दादा म्हनशी तं लिईच."

दुसऱ्या दिवशी कर्नल आला. म्हातारा, पांढऱ्या मिशांचा, थकलेला. गेंदाला दाराशी उभं राहू दिलं. कर्नलने विचारलं, हेरांना तू नेलंस? तोतारामने सांगितलं. जामसिंगने ओठ घट्ट मिटले, मग उघडले.

"नही रे."

तोतारामने चटकन कप्तानाकडे पाहिलं. पण हा 'रे' रशियनांना कुठे कळतो? डबा इंग्रजांनी दिला का? "नही रे." कप्तान टेबलावर मूठ आपटून ओरडला, काल हाच हो म्हणत होता. जामसिंग हादरला, पण तगला. दरडावणी त्याच्या ओळखीची होती.

मग कर्नलने भलतंच केलं. त्याने कप्तानाला गप्प बसवलं, आपल्या सुरईतलं पाणी पेल्यात ओतलं आणि पेला स्वतःच्या हाताने जामसिंगपुढे धरला. जामसिंग घटाघटा प्यायला. आजवर कोणा साहेबाने त्याला पाणी दिलं नव्हतं. पेला परत घेत कर्नलने हळू आवाजात विचारलं, खरं सांग, तूच नेलंस ना? तोतारामने तेही सांगितलं. जामसिंगचे डोळे भरून आले. हात आपोआप जुळले. जीभ दातांना टेकली. कारकुनाने लेखणी उचलली.

"जामसिंग!"

गेंदा ओरडली होती. त्यांच्या गावात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्न झाल्यापासून ते नाव तिच्या तोंडून त्याने कधी ऐकलं नव्हतं. तो थोबाडीत बसल्यासारखा वळला. तिच्याकडे बघता बघता त्याचे जुळलेले हात सुटले. मग कर्नलच्या डोळ्यांत डोळे घालून तो म्हणाला, "नही रे. मी नही लई गऊ."

ही बाई का ओरडली, असं कर्नलने विचारलं. कप्तान तोतारामकडे टक लावून बघत होता.

"साहेबाला खरं सांग, म्हणाली," तोतारामने रशियनमध्ये सांगितलं.

कर्नलने कागद बाजूला सारला आणि सोडा म्हणाला.

डबा परत मिळाला नाही, डिंक काढायचा विळाही नाही. दोघं डोंगराची वाट चढू लागली. मग जामसिंग म्हणाला, "पुनाले कोनीच सांगं नही."

गावाच्या तोंडाशी पुनाची बायको चमेलीबाई उभी होती. तिने जामसिंगला नखशिखान्त न्याहाळलं, खांद्याला हात लावून पाहिला आणि विचारलं, "तू काय बोलना तठे? मना मानूस काय चुकना?"

जामसिंगने गेंदाकडे पाहिलं. गेंदाने नजर काढून घेतली नाही.

"तो काही चुकना नही, वयनी," जामसिंग म्हणाला. "त्यानी त्यासले भाऊ मानं."