झाकण कुठे होतं?

जनावराचं नाव:
महाराणी. बाकीच्या आठ गाईंना नुसते नंबर आहेत. हिला नाव आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी दिलं.

आजारी सड:
मागचा डावा. धारेत गुठळ्या येतात. चार कप्प्यांच्या तबकडीत चारही सडांचं दूध घेऊन तपासणीचं औषध घातलं. तीन कप्प्यांत पाण्यासारखं हललं, चौथ्यात शेंबडासारखं घट्ट झालं.

मागील अहवाल:
प्रयोगशाळेच्या मॅडम, तो तुम्हीच दिलात. चारही सडांत चार-चार प्रकारचे जंतू. माझे सासरे म्हणाले, "ही गाय आहे की धर्मशाळा? चारही सड गेले. शुक्रवारी व्यापाऱ्याला देऊन टाकू."
तेव्हापासून आईंनी त्यांच्याशी बोलणं टाकलंय. निरोप माझ्यामार्फत जातात. "तुझ्या सासऱ्यांना सांग, जेवण वाढलंय." सासरे समोरच बसलेले असतात.
आज बुधवार आहे.

नमुना कोणी घेतला:
आईंनीच. तीस वर्षांचा हात आहे. बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, त्या महाराणीच्या कासेजवळ फिरकूही देत नाहीत.

नमुना कसा घेतला:
छापील फॉर्मवर या प्रश्नाला दोनच ओळी आहेत. पण खाली तुम्ही पेनाने लिहिलंय, "मागच्या वेळी दोन्ही हात कुठे होते, तेही लिहा." म्हणून फॉर्म घेऊन गोठ्यात आले. आई सांगताहेत तसं लिहिते.
"लिही. सड धुतला. कोरडा केला. स्पिरिटच्या बोळ्याने टोक पुसलं. पहिल्या धारा सोडून दिल्या."
"पुढे?"
"उजव्या हातात सड. डाव्या हातात बाटली, तिरकी."
"आणि झाकण?"
"झाकणाचं काय?"
"अहो आई, दोन्ही हात संपले. झाकण कुठे होतं?"



बाबा दारातून म्हणाले, "लिही, हवेत तरंगत होतं!"
आईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खिशात होतं म्हणाल्या असत्या, तर मी मुकाट्याने तसं लिहिलं असतं. मग त्यांनी महाराणीच्या पाठीवर हात ठेवला.
"दातांत," त्या म्हणाल्या. "लिही. दातांत धरलं होतं. आतली बाजू तोंडात."
"चारही वेळा?"
"तीस वर्षं."
बाबा इतके हसले की त्यांना खांब धरावा लागला. "म्हणजे ते जंतू तुझे! आणि मी या बिचारीला विकायला निघालो होतो!"
"मग मलाच विका शुक्रवारी," आई म्हणाल्या. थेट त्यांना. चार दिवसांत पहिल्यांदाच.

सोबत:
चार नव्या बाटल्या. या वेळी प्रत्येक झाकण बाबांनी धरलं. हात कोपरापर्यंत धुतलेले, झाकणाचं तोंड खाली. "बोलू नका, थुंकी उडते," अशी तंबी मिळाल्यामुळे ते गाल फुगवून उभे होते. महाराणीसुद्धा वळून बघत होती.

प्रयोगशाळेचा शेरा:
मागचा डावा सड: एकच जंतू, औषधाने जाण्यासारखा. उरलेले तीन स्वच्छ. दातांचं खरं लिहिलंत, आभार. असं सहसा कोणी लिहीत नाही.

फॉर्मची मागची बाजू, कोरी होती म्हणून:
शुक्रवारी सकाळी मी हा शेरा घेऊन घरी पोचले, तर व्यापाऱ्याची गाडी दारात उभी. बाबांनी शेरा वाचला, परत वाचला, आणि त्याला म्हणाले, "गाय द्यायची नाही."
"का हो? चारही सड गेले म्हणालात ना?"
बाबा घुटमळले. "ते... पहिला अहवाल चुकला होता."
"चुकला कुठे?" आई आतून बाहेर आल्या. "अगदी बरोबर होता. फक्त तो माझा होता, गाईचा नव्हता."
व्यापारी एकदा आईंकडे आणि एकदा आपल्या रिकाम्या गाडीकडे बघत राहिला.