अंगठ्याएवढ्या टॉर्चवरचा संशय

मित्रांनो, मी एक टॉर्च आहे. जुना म्हणा हवं तर, कारण माझ्या कडांचा काळा रंग उडालाय आणि क्लिप वाकडी झालीय. पण वय विचाराल तर जेमतेम दीड वर्ष! लांबी अंगठ्याएवढी. बरं, थोडी जास्त. उगीच खोटं कशाला बोलू? खोटं बोलणाऱ्या टॉर्चांमध्येच तर माझं बालपण गेलं.

कुठल्याशा कारखान्यात मला घडवलं, डब्यात घातलं आणि मी पोचलो चामोर्शीच्या आठवडी बाजारात, देवरावभाऊंच्या हातगाडीवर. शेजारी हातभर लांबीचे टॉर्च ऐटीत उभे. त्यांच्या डब्यांवर एवढाले आकडे छापलेले, की तेवढा उजेड खरंच पडला असता तर कोंबडे दुपारीही आरवले असते. माझ्या डब्यावर मात्र बारीक अक्षरात लिहिलं होतं : पूर्ण उजेड फक्त दीड मिनिट. ते कुणी वाचतच नव्हतं. तेव्हापासून मी संशयी झालो. मला उचलणाऱ्या प्रत्येक हाताकडे बघून वाटायचं, हा आपल्याकडून भलतंच काहीतरी मागणार.

मग एक दिवस चंचल आली. दहावीतली मुलगी, शाळेचा गणवेश, आणि नजर अशी की देवरावभाऊच सावरून बसले.

"हा घे पोरी," त्यांनी लांबोडा टॉर्च पुढे केला. "दोन किलोमीटर जाते याचा उजेड!"

"भाऊ, तुमी गेले होते का दोन किलोमीटर पाहाले?"

बाजूच्या भाजीवाल्या बाई खो खो हसल्या. चंचल सरळ वाकली आणि हातगाडीखालच्या अंधारात एकेक टॉर्च लावून बघू लागली. लांबोड्याचा उजेड पडला तो एक गोल ठिपका. "यानं रस्ता नाई दिसत, टिकली दिसते निस्ती!" मग तिने मला दाबलं. गाडीखालचं सगळं एकदम उजळलं : पोती, दगड, आणि झोपमोड झालेलं एक कुत्रं. मी खिशात मावतो का, दप्तरात आपोआप लागू नये म्हणून कळ बंद करता येते का, मोबाइलच्या चार्जरवर चालतो का, सगळं तिने विचारून घेतलं.

"घे मंग," देवरावभाऊ म्हणाले. "पन वाघानं पाह्यला त हासन बरं तो."

ती हसली नाही. कारण वाघाचीच तर गोष्ट होती. दसऱ्यानंतर दिवस आखडले होते. दहावीचे जादा तास संपवून ती एसटीने फाट्यावर उतरायची तेव्हा अंधार पडलेला असायचा. फाट्यापासून गाव दीड किलोमीटर, एका बाजूला धानाची शेतं, दुसऱ्या बाजूला जंगल. त्यात बांधावर वाघाची पावलं दिसलेली. तिचे बाबा अश्वजित राइस मिलवर कामाला, आठच्या आत सुटत नसत. त्यांनी सांगून टाकलं होतं, "चांगला टॉर्च असन त तास. नाई त घरी बसून अभ्यास." गणिताची भीती नुकतीच गेलेली, पहिल्यांदाच सर म्हणालेले की तू पुढे जाशील, आणि आता हे! म्हणजे तिचे तास माझ्यावर अवलंबून होते.

घरी पोचलो आणि माझा संशय खरा ठरला. सांजेला अख्खी गल्ली जमली. शेजारच्या मनकर्णाबाई म्हणाल्या, "आंव पोरी, पान्याच्या टाकीवर मार ना!" टाकी झाली, सागाचा शेंडा झाला, वटवाघळं झाली. मग कुणीतरी म्हणालं, "जंगलात मारा, वाघ दिसते का पाहू." प्रत्येकाला मी पूर्ण उजेडावरच हवा होतो. मित्रांनो, मी तापून लाल व्हायचा बाकी होतो! जळू नये म्हणून दर वेळी दीड मिनिटाने मी स्वतःच मंद व्हायचो. शेवटी दमून पार विझलो.

"डुप्लिकेट हाय," मिलवरून परतलेले अश्वजित म्हणाले. तेवढंच. चंचलचं तोंड एवढंसं झालं.

सकाळी दारात मोटरसायकल थांबली. वनरक्षक रिना मॅडम. "काल सांजेले जंगलात लाइट कोन मारून राह्यलं होतं?" असाच झोत टाकून हरणांना दिपवतात आणि मारतात, म्हणून त्या भागात जोराचा टॉर्च दिसला की आधी शंका येते. मॅडमनी मला उलटंपालटं करून पाहिलं. त्यांच्या बोटांत मी गुन्हेगार झालो होतो.

"जमा करते हा."

"न्या मॅडम," अश्वजित म्हणाले. "तसाबी फालतूच हाय. अन् पोरीचे तासबी बंद."

"काऊन बंद?" चंचल ओरडलीच. मग दम घेऊन म्हणाली, "मॅडम, मले दोन दिवस द्या. परवा फाट्यावर या अन् माह्यासंगं गावापर्यंत चाला. हा शिकाऱ्याचा टॉर्च असन त मीच तुमाले देईन. बाबा, तुमीबी या."

मॅडमनी मला परत तिच्या हातात ठेवलं. "परवा. जंगलाकडं एक झोत जरी दिसला त त्याच दिवशी येईन."

त्या दोन दिवसांत चंचलने डब्यावरचं बारीक अक्षर वाचून काढलं. कोठीच्या खोलीत मला लावून घड्याळ घेऊन बसली. पूर्ण उजेडावर किती, मधल्यावर किती, सगळं विज्ञानाच्या वहीमागे लिहिलं. मधल्यावर मी चार तास टिकलो. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला झेपेल तेवढंच काम दिलं!

ठरल्या दिवशी अश्वजित मिलवरून लवकर सुटून आले आणि तिघं फाट्यावरून निघाली. मॅडमचा लांब टॉर्च अश्वजितांनी मागून घेतला आणि ते पुढे होऊन वाघाच्या धास्तीने झोत जंगलात फिरवू लागले. मी चंचलच्या हातात, मधल्या उजेडावर, खाली तोंड करून. एका कडेच्या चरापासून दुसऱ्या कडेच्या चरापर्यंत रस्ता उजळत होतो.

"फुल कर ना," अश्वजित म्हणाले.

"नाई बाबा. असाच."

झाडीत दोन डोळे चमकले. तिघंही थबकली. "चितळ हाय," मॅडम कुजबुजल्या. अश्वजित मान तिकडेच ठेवून पुढे चालू लागले. मला मात्र रस्ताच दिसत होता. आणि रस्त्यावर काळं, चकचकीत, पांढऱ्या पट्ट्यांचं काहीतरी पसरलेलं.

"बाबा, थांबा!" चंचलने त्यांचा सदरा मागून असा ओढला की गुंडी तुटली. अश्वजितांचा पाय हवेतच राहिला. चपलेपासून वीतभर अंतरावर विषारी मण्यार होती. ती सावकाश धानात शिरली. अश्वजितांनी पाय मागे टेकवला आणि झोत जंगलातून रस्त्यावर आणला.

"शिकाऱ्याले लांब झोत लागते, असा टॉर्च नाई चालत," मॅडम शेवटी म्हणाल्या. "राहू दे तुह्यापाशी. पन पुन्हा जंगलात मारला, त तुले अन् याले, दोघांलेबी नेईन."

गाव येईपर्यंत अश्वजित चंचलच्या मागेमागे चालले. दारात पोचल्यावर म्हणाले, "उद्या तास कितीले सुटते?"

मी वाघाला पळवत नाही, मित्रांनो. तसं सांगणाऱ्याचं ऐकू नका. दुसऱ्या दिवसापासून आणखी दोन मुली चंचलसोबत मोठमोठ्याने बोलत येऊ लागल्या, आणि मी त्यांच्या पायांपुढे. दहावी झाली. मग मात्र मला डब्यात टाकून सगळे विसरले. तीन महिने! अकरावीच्या पहिल्या दिवशी बाहेर काढलं, तर मी साफ मेलेला. त्या दिवशी अश्वजित माझ्यावर नाही, स्वतःवर चिडले.

आता ते रोज सकाळी माझी काच सदऱ्याने पुसतात आणि मूठ मिटून मला एकदा लावून बघतात. बोटांच्या फटींतून उजेड आला, की मगच मला चंचलच्या खिशात ठेवतात. अजूनही विश्वास नाही त्यांचा!

मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखा कुणी असेल, तर त्याचं कौतुक नका करू. घराबाहेर पडण्याआधी रोज एकदा, फक्त एकदा, त्याच्यावर संशय घ्या.