खिडकीतला कप

सातवीला स्लाइडचं बॅकग्राउंड शिकवताना मी नमुन्याला नेहमी एकच फोटो घेते. माझ्या घरची खिडकी. कोवळं ऊन, मोकळं आकाश आणि उजव्या कडेला कठड्यावर चहाचा एक कप. आकाशात काही नसल्यामुळे अक्षरं छान उठून दिसतात, एवढंच कारण. या शाळेत आले तेव्हा जुन्या फोल्डरबरोबर तोही इथे आला.

"बॅकग्राउंड म्हणजे मागे उभं राहणारं माणूस," मी मुलांना सांगते. "त्यानं पुढे पुढे करायचं नाही. आधी थीम ठरवा, मग रंग. आणि कुणाचा फोटो घेतलात तर खाली त्याचं नाव लिहा."

मुलं कुठली ऐकायला! एकीने लालभडक रंगावर हिरवी अक्षरं काढली. बघूनच डोळ्यांत मिरच्या गेल्या. एकाने कवटीचं चित्र लावून 'सर्व स्लाइडना लागू करा' दाबलं, तर 'माझी आजी' या स्लाइडच्या मागेही कवटीच. आजी तिच्यापुढे नमस्काराच्या पवित्र्यात. वर्ग हसून लोळला.

माझी खिडकी लागली की मागच्या बाकावरून एक आरोळी ठरलेली असते, "बाई, चहा निवला!" मी हसते आणि पुढे शिकवते.

यंदा संगणकाच्या खोलीत रुंद पडदा आला. जुन्या पडद्यासाठी आमच्या स्लाइड जवळजवळ चौकोनी होत्या, त्यात बसवताना फोटोच्या दोन्ही कडा कापल्या जायच्या. त्या दिवशी मी स्लाइडचा आकार रुंद केला, खिडकी लावली, आणि फोटो दोन्हीकडून उघडला.

कपाच्या कानात बोटं अडकलेली होती. बोटांमागे मनगट, दुमडलेली बाही, कोपर. तिथे फोटो संपत होता.

कुणी आरोळी दिली नाही.

"बाई, हात कुणाचा?" शंकासुराने विचारलं. शंकासुर ही मुलगी आहे. प्रश्न विचारल्याशिवाय हिला घास उतरत नाही, असं तिची आईच सांगते.

"असेल कुणाचा तरी," मी म्हणाले आणि पुढची स्लाइड लावली.

सकाळी देवापुढे बसून मी रोज एकच शब्द देते, आज खोटं बोलणार नाही. त्या दिवशी घरी जाईपर्यंत मी मनाला समजावत होते की 'असेल कुणाचा तरी' हे काही खोटं नव्हे; कुणाचा तरी होताच की. देवालाच व्याकरण शिकवायला निघाले होते.

संध्याकाळी खिडकीत जाऊन उभी राहिले. फोटो मीच काढलेला, पण तेव्हा मी उन्हाकडे बघत होते. घरातलं माणूस कडेला फोटोत आलं म्हणून कोण लक्ष देतं? ते तर रोजचंच. पुढे ज्या फोनने फोटो काढला तो बिघडला, आणि कापलेली खिडकी बघता बघता मीही तीच खरी धरून बसले. नव्या शाळेत ह्यांना कुणी पाहिलेलं नव्हतं. मी इथे एकटी आले, म्हणून इथल्यांच्या लेखी मी पहिल्यापासूनच एकटी. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आता कोपरापर्यंत का होईना, हे इथे आले होते, आणि मी ओळख दिली नव्हती.

पालकांसमोर दाखवायला शंकासुराने 'माझी आवडती जागा' हा विषय घेतला. जागा तिच्या घराची गच्ची, पण पहिल्या स्लाइडला बॅकग्राउंड म्हणून माझी खिडकी. मधल्या सुट्टीत ती शेवटचा हात फिरवायला आली. बाकीची मुलं मैदानावर होती. एवढ्यात मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, डोकावल्या.

"छान गं! पण हे काय, नुसतंच कोपर? पालक म्हणतील कोण हा परका माणूस. कापून टाका हो बाई, मिनिटाचं काम आहे."

मिनिटाचंही नव्हतं. कड धरून आत ओढायची. मी माउस हातात घेतला.

"नको ना, मोठ्या बाई," शंकासुर म्हणाली. "हात काढला तर कप पडेल."

"इतके दिवस बरा पडला नाही!" मोठ्या बाई हसल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमचाच फोटो ना? कुणाचा हात आहे हा?"

माउसवरचं माझं बोट तसंच राहिलं.

"ह्यांचा," मी म्हणाले.

"अगंबाई! मग आधी नाही का सांगायचं? कार्यक्रमाला घेऊन या की त्यांना. कधी दिसलेच नाहीत ते!"

"ते नाहीत आता. मी इथे यायच्या आधीच गेले."

मोठ्या बाईंनी पडद्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातातल्या किल्ल्यांकडे. "राहू द्या," त्या हळूच म्हणाल्या. "राहू द्या तसंच." जाताना त्यांनी दार आवाज न करता लावलं.

शंकासुराने आपल्या मागे वळून पाहिलं, मग माझ्या मागे.

"ह्यांचा म्हणजे कुणाचा, बाई? इथे तर कुणीच नाहीये."

मला हसू आलं. डोळेही भरले.

"अगं, माझ्या नवऱ्याचा."

"मग नाव सांगा. फोटोखाली नाव लिहायचं असतं, तुम्हीच म्हणता."

लग्न झाल्यापासून मी त्यांना कधी नावाने हाक मारली नव्हती, आणि या शाळेत ते नाव कुणीच घेतलेलं नव्हतं. मी घेतलं. माझ्याच आवाजात मला ते अनोळखी वाटलं. ती एका बोटाने टाइप करत होती.

"दुसरी वेलांटी गं."

तिने वेलांटी बदलली, अक्षरं बारीक केली, आकाशाच्या कोपऱ्यात सरकवली. "पुढे पुढे करत नाहीयेत ना?"

"नाही. त्यांचा स्वभावच नव्हता तो."

"बाई, ते चहा गरम प्यायचे की निववून?"

त्यांच्याबद्दल इतकं साधं काही मला कुणी विचारलंच नव्हतं.

"निववून. अगदी पाणी होईपर्यंत. मी दोनदा गरम करून द्यायचे, तरी कप घेऊन खिडकीत उभे. रस्त्यावरून जाणाऱ्या सायकली बघत. आणि मग काय करायचे माहितीये..."

घंटा झाली. "येते हं बाई, गणिताचा तास आहे!" म्हणत ती पळालीसुद्धा. चपलांचा आवाज जिन्यावरून खाली गेला.

मी एकेक संगणक बंद करत गेले. मोठा पडदा शेवटी ठेवला.

"...मग मलाच म्हणायचे, चहा निवला," मी म्हणाले.