पडेल ते काम

सेहेचाळीस कळा, सेहेचाळीस दांडे, प्रत्येक दांड्याच्या टोकाला दोन अक्षरे, एक रबरी रूळ, एक शाईची फीत आणि ओळ संपत आली की वाजणारी एक घंटी. मित्रांनो, एवढा सगळा मी. मी मराठी टाइपरायटर आहे, आता बराच जुना. माझ्यापुढे बसणाऱ्या मारुतरावांना बोटे दहा होती, पण त्यांतली दोनच माझ्या कामी येत.

माझी सुरुवातीची वर्षे पुण्याच्या एका कचेरीत गेली. तिथे मला वेळेवर तेल मिळे, संध्याकाळी अंगावर खोळ चढे. मग ‘ळ’चा दांडा वाकला. तो सरळ करण्याऐवजी त्यांनी मला लिलावात काढले. मारुतरावांनी मला घेतले, चिमट्याने दांडा सरळ केला आणि पिंपरी स्टेशनबाहेर कडुनिंबाखालच्या टेबलावर मांडले.

ते १९५७ साल होते. मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेने कारखाने उभे राहत होते. बार्शी, बीड, रत्नागिरीकडची माणसे गाडीतून उतरत आणि अर्ज लिहून घ्यायला आमच्याकडे येत. मारुतराव नाव विचारत, गाव विचारत. तिसरा प्रश्न नसे. अर्ज ठरलेला होता: ‘मी अत्यंत गरीब असून माझ्यावर मोठ्या कुटुंबाचा भार आहे. तरी मायबाप साहेबांनी चरणाशी जागा द्यावी. पडेल ते काम करीन.’

मला या अर्जाचा संताप येई. सुतार आला तरी हेच, वायरमन आला तरी हेच. एकट्या जिवावरही मोठ्या कुटुंबाचा भार पडे. लोक कागद हातात धरून म्हणत, “छापल्यावानी दिसतंय.” ही माझी स्तुती. समास सरळ होता, अक्षरे काळीभोर होती, फक्त अर्ज करणारा माणूस त्यात कुठेच नव्हता.

बार्शीच्या ज्योतीरामचेही तेच झाले. कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यात तो सात वर्षे फिटर होता. इथे एका नव्या कारखान्याला फिटर हवेत असे ऐकून आला. गेटवरच्या कारकुनाने अर्जाची शेवटची ओळ वाचली आणि कागद बांधकामाच्या गठ्ठ्यात टाकला. त्याला तरी दोष कसा देणार? पडेल ते करीन म्हणणाऱ्याला त्याने पडलेले काम दिले. ज्योतीराम विटा वाहू लागला.

दीड महिन्याने तो परत आला. पुढे त्याची बायको गोजाबाई होती.

“मारुतराव, तुमचं ते ‘पडेल ते’ पडलं बघा,” ती म्हणाली. “ह्यांच्या अंगठ्यावर पडलं.”

ज्योतीरामच्या डाव्या अंगठ्याला चिंधी बांधली होती.

“वीट पडली त्याला मी काय करू, वहिनी?”

“तुमी कशाला काय कराल. आणखी एखादं बोट गेलं की ह्यांचं कानस धरायचं बी जाईल. मग खरंच पडेल ते करावं लागंल. गेटवर पाटी लागलीया, फिटर पायजेत. उद्या शेवटचा दिस हाय. दुसरा अर्ज लिवा.”

मारुतरावांनी कागद चढवला आणि दोन बोटांनी सुरुवात केली.

“काय लिवताय ते वाचा की,” गोजाबाई म्हणाली.

“मी अत्यंत गरीब असून...”

“ते साहेबाला कशाला? साहेब काय सोयरीक करतोय व्हय?”

“अहो, अर्जात नम्रता लागते. साहेबलोकांना बरं वाटतं.”

“नम्र तर हे हायतच. बोट चेचलं तरी मुकादमाला ‘बरं’ म्हणाले. आता ह्यांना काय येतं ते लिवा.”

मारुतरावांनी कागद ओढून काढला, नवा चढवला आणि ज्योतीरामकडे वळले. “काय येतं रे तुला?”

त्या टेबलावर हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला. आणि ज्योतीराम काय म्हणाला?

“आपल्याच तोंडानं कसं सांगू, राव? बढाई व्हईल.”

तेव्हा माझा राग मारुतरावांवरून त्याच्यावर गेला. आपल्याला येणारे काम सांगणे ही बढाई नव्हे, माहिती आहे. ती कागदावर नसेल तर समोरच्याने ती वाचायची कुठून?

“मी सांगते,” गोजाबाई म्हणाली. “लिवा. इंजिनाची चाकं घासत्यात.”

“चाकं न्हवं,” ज्योतीराम पटकन म्हणाला. “बेअरिंग. हातानं खरवडून बसवतो. बार्शीतल्या बारा यंत्रांची मीच बसवली.”

“आता कसं तोंड उघडलं,” ती म्हणाली.

मग तो बोलत गेला आणि मी लिहीत गेलो. फिटरच्या जागेसाठी अर्ज, हे पहिल्या ओळीत. कुठे, किती वर्षे आणि कोणते काम केले, हे पुढच्या ओळींत. खात्री कोण देईल? बार्शीच्या त्या कारखान्यातले फोरमन आबाजी. शेवटी मारुतरावांचे बोट सवयीने निघालेच. कागदावर ‘प’ उमटला.

“थांबा,” ज्योतीराम म्हणाला. “‘परीक्षा घ्यावी’ असं लिवा.”

‘प’ खोडावा लागला नाही.

मित्रांनो, मोठेपणी तुम्हीही नोकरीसाठी अर्ज लिहाल. दुसऱ्याच्या अर्जावर आपले नाव घालून पाठवू नका. कोणती जागा हवी, तिथले कोणते काम आपण आधी केले आहे आणि ते कुणी पाहिले आहे, एवढे थोडक्यात लिहा. दया मागू नका. मला आज कोणी तेल घालत नाही, खोळही नाही, त्याचे मला फारसे वाटत नाही. हाताला काम येत असताना माणसे कागदावर हात जोडतात, याचे वाटते.

पुढचे ज्योतीरामनेच येऊन सांगितले. परीक्षेत त्याला लोखंडाचा तुकडा दिला. कानशीने घासून त्याची रुंदी बरोबर एक इंच करायची होती. इंचाचे हजार भाग केले तर त्यांतले तीन कमी-जास्त चालणार होते. त्याने अंगठ्याची चिंधी सोडली आणि काम पुरे केले. नव्या कारखान्याच्या फोरमनने तुकडा मायक्रोमीटरमध्ये धरला. फरक दोन भागांचा आला.