घुबडाचा पत्ता

रंगाच्या कारखान्यात त्यांना सगळे खबरदार साहेब म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना ऐकू जाईल एवढ्या जवळून. सुरक्षा अधिकारी म्हणून एकवीस वर्षं त्यांनी कामगारांच्या डोक्यावर टोपी, डोळ्यांवर चष्मा आणि मनावर दडपण नीट बसलंय की नाही ते तपासलं होतं. घरीही तोच खाक्या. स्वयंपाकघरात प्रथमोपचाराची पेटी, न्हाणीघरात ‘ओल्या फरशीवर सावकाश’ अशी पाटी, आणि दारामागे आग लागल्यास बाहेर पडायचा नकाशा. मुलगी शिकायला दुसऱ्या शहरात, म्हणजे घरात माणसं दोन, साहेब आणि त्यांची बायको. घराला दार एकच. तरी नकाशावर बाण चार होते.

अशा माणसाला नाद कसला असावा, तर पहाटे उठून एकट्याने रानात जायचं आणि पक्ष्यांचे फोटो काढायचे. पण एकट्याने म्हणजे काही बेफिकिरीने नव्हे. गावातल्या कॅमेरा क्लबात त्यांनी ‘एकट्याने फोटोग्राफीला जाताना’ या विषयावर दीड तास भाषण दिलं होतं. नियम सतरा. शिट्टी, बॅटरी, पाणी, पट्ट्या, घोट्यावर चढणारे बूट, आणि सगळ्यांच्या आधी पहिला नियम: आपण नेमके कुठे जाणार ते घरी लिहून ठेवायचं. हा नियम सांगताना ते टेबलावर मूठ आपटत. पुढच्या रांगेतल्या एक बाई दचकून जाग्या झाल्या होत्या.

क्लबाचा मात्र स्वतःचा एकच नियम होता, आणि तो कुठेही लिहिलेला नव्हता. घरट्याची जागा कुणाला सांगायची नाही. ही मंडळी एकमेकांना आपला रक्तदाब सांगत, पोरांचे मार्क सांगत, पण घरट्याचा विषय निघाला की ताकास तूर लागू देत नसत. गर्दी झाली की पक्षी बुजतात, असं कारण होतं. ते खरंच होतं. दुसऱ्याला फोटो मिळाला की आपण बुजतो, हेही खरं होतं.

साहेबांना हा धडा मेहुण्याने दिला. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, दातांचा डॉक्टर, आणि त्याच क्लबाचा सभासद. गेल्या वर्षी साहेबांनी बायकोला सहज सांगितलं, नाल्याच्या वळणावर खंड्या पक्ष्याचं बीळ सापडलंय. बायकोने भावाला सहज सांगितलं. भावाने सहज जाऊन फोटो काढला आणि वार्षिक स्पर्धेत पहिला नंबर मारला. तो फोटो क्लबाच्या भिंतीवर खुर्चीएवढा मोठा करून लावला होता. वर्षभर दर रविवारी साहेब त्याच्याखाली बसून चहा पीत होते. आपलेच दात आणि आपलेच ओठ, आणि वरून मेहुणा दातांचाच डॉक्टर. बोलणार काय?

यंदा स्पर्धेला आठवडाही उरला नव्हता, तेव्हा नशीब उघडलं. गावाबाहेर पश्चिमेला दगडाची एक जुनी खाण होती, काम बंद पडून ओसाड झालेली. तिच्या कड्यातल्या एका कपारीत शृंगी घुबडाने दोन पिल्लं काढली होती. साहेबांना ती दुर्बिणीतून दिसली. भिंतीवरचा खंड्या आता उतरणार होता.

शनिवारी संध्याकाळी ते जेवणाच्या टेबलाशी पत्रक भरायला बसले. दर वेळी भरायचं हे पत्रक त्यांनीच बनवलेलं होतं: जायची जागा, वाट, परतायची वेळ, तासाभरात न परतल्यास कुणाला फोन करायचा. खाली त्यांची सही, आणि बायकोचं ‘वाचले, समजले’. जागेच्या रकान्यापाशी पेन थांबलं. बायकोच्या पोटात भावापुढे काही राहत नाही, हे आता सिद्ध झालेलं होतं. पत्रक कोरं ठेवावं, तर पहिला नियम मोडतो. साहेबांनी दोन्हींचा मान राखला. त्यांनी जागा भरली, फक्त खोटी भरली. ‘पूर्वेकडचं तळं, मोडक्या लाकडी धक्क्याजवळ’ असं सुवाच्य अक्षरात लिहिलं. मग खोटं उघडं पडू नये म्हणून वाटेचा नकाशाही काढला, बाणांसकट.

“तळ्यावर?” बायकोने वाचताना विचारलं. “अहो, तुम्हाला पोहता येत नाही.”

“मी काठावर असणार आहे.”

“तो धक्का कुजलाय म्हणतात.”

“मला सांगतेस सुरक्षितता?” साहेब म्हणाले. बायकोने ‘वाचले, समजले’ लिहून सही केली आणि पत्रक फ्रिजवर लावलं.

सकाळी सात वाजता खाणीत सगळं काही सतरा नियमांनुसार चाललं होतं. सव्वासातला घुबडाची मादी उंदीर घेऊन कपारीत उतरली, पिल्लांनी माना वर केल्या, आणि साहेबांनी आयुष्यातला सर्वांत सुंदर फोटो काढला. तो मागच्या पडद्यावर बघत बघत ते एक पाऊल मागे सरकले. ‘कॅमेऱ्यात बघत चालू नये’ हा नियम सातवा. ढिगातला दगड निसटला, साहेब दोन पुरुष खाली घसरले आणि डावा घोटा कडकन वाजला.

ओरडून झाल्यावर त्यांनी शांतपणे परिस्थितीचा आढावा घेतला, जसा ते कारखान्यात घ्यायला शिकवत. कॅमेरा शाबूत. घोटा मोडलेला. फोनला रेंज नाही. पट्टी बांधली, पाणी प्यायले, तीनदा शिट्टी वाजवली. मग घड्याळ बघून त्यांना चक्क समाधान वाटलं. पत्रकात परतायची वेळ दहा. अकराला बायको फोन करणार, पहिला भावाला, दुसरा अग्निशमन दलाला. सगळं घोटवून घेतलेलं. ती एकही पायरी चुकायची नाही. आणि मग सगळे मिळून थेट जाणार, कुठे, तर पत्रकात लिहिलंय तिथे.

साहेबांनी घाईघाईने पुन्हा शिट्टी तोंडात धरली.

सव्वाअकराला गावाकडून बंबाचा भोंगा ऐकू आला. साहेबांनी जीव खाऊन शिट्टी फुंकली. भोंगा पूर्वेला वळला आणि लांब लांब जात ऐकू येईनासा झाला. एकवीस वर्षांत त्यांनी घेतलेला एकही सराव इतका बिनचूक पार पडला नव्हता. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, पण इथे बायकोने ते ब्रह्मज्ञान मनापासून ऐकलं होतं, ही खरी पंचाईत.

दुपारभर ते उन्हात पडून होते. आधी त्यांना मेहुण्याचा राग आला, कारण हे सगळं त्याच्यामुळे झालं होतं. मग घुबडाचा आला. पाणी संपल्यावर भीती वाटायला लागली, साधी, लहान मुलाला वाटते तशी. आपण इथे मेलो तर कुणाला कळणारही नाही, एवढंच डोक्यात फिरत राहिलं.

चारच्या सुमाराला शेळ्या चारणारी एक बाई कड्यावरून डोकावली.

“सकाळपासून शिट्टी वाजवतंय कोण, तुम्ही होय?” ती म्हणाली. “मला वाटलं पाखरू आहे. घरी सांगून आला नाहीत का?”

“सांगून आलोय,” साहेब म्हणाले.

“मग आलं कसं नाही कुणी?”

यावर साहेबांनी फक्त पाणी मागितलं. बाईने हाक मारून आपल्या भावाला बोलावलं, दोघांनी मिळून त्यांना ओढून वर काढलं आणि भावाच्या टेम्पोत आडवं घातलं. रस्त्याला लागल्यावर फोनला रेंज आली. न उचललेले कॉल एकोणचाळीस. साहेबांनी बायकोला फोन लावला.

“मी ठीक आहे. पाय मोडलाय. सरकारी दवाखान्यात ये.”

“कुठून बोलताय?” तिने विचारलं.

“टेम्पोतून,” साहेब म्हणाले. हे अगदी खरं होतं.

दवाखान्यात पायाला प्लास्टर घालून झालं तेव्हा ती दोघं आली. साहेबांनी काय काय ऐकावं लागेल याची तयारी ठेवली होती, पण जे दिसलं त्याची तयारी नव्हती. बायको कमरेपर्यंत चिखलाने माखलेली होती. एका पायात चप्पल नव्हती. मेहुणा घरातल्या अर्ध्या चड्डीवर आला होता, ओलाचिंब. हातांना इतकं जपणारा तो माणूस, कुणी हात मिळवला तरी जपून देणारा, त्याची बोटं सोलून निघाली होती आणि एक नख मुळापासून गेलं होतं.

“धक्क्याची एक फळी तुटलेली होती, भावोजी,” तो म्हणाला. त्याचे दात वाजत होते. “ताजी तुटलेली. आम्हाला वाटलं… बंबवाले दर वेळी वर आले की मान हलवायचे. मग मीच उतरलो. तळाला काही दिसत नाही हो, नुसतं चाचपत राहायचं.”

“ही पाण्यात कशाला उतरली?” साहेबांनी विचारलं. “हिला पोहता येत नाही.”

“ताईला दोन जणांनी धरून बाहेर काढलं.”

बायको कॉटजवळ आली आणि प्लास्टर नसलेल्या पायावर तिने हात ठेवला. तो गार, चिखलाचा हात साहेबांना सहन होईना. रडू येतंय की काय असं त्यांना वाटलं, आणि ते आलंच.

“तुम्ही लिहिलं होतंत ना,” ती हळू म्हणाली. “म्हणून मी दुसरीकडे कुठे बघितलंच नाही.” मग थोड्या वेळाने म्हणाली, “बंबवाल्यांना एक बूट सापडला. मी म्हटलं, हो, त्यांचाच आहे. दोन वाजता मी पोरीला फोन करून सांगितलं.”

“काय सांगितलंस?”

“तुम्ही गेलात म्हणून.” तिने फोन लावला आणि त्यांच्या हातात दिला. “बसमध्ये आहे ती. मघाशी तुम्ही सापडल्याचं सांगितलं तर खरं वाटेना तिला. तुम्हीच बोला.”

“बाबा?” मुलीचा आवाज घोगरा झाला होता. “बाबा, खरंच तुम्ही?”

“हो गं बाळा. मीच.”

मुलगी रडत राहिली. तिच्या आजूबाजूला बसमधली माणसं काहीतरी विचारत होती. मग ती म्हणाली, “पण होतात कुठे तुम्ही दिवसभर? सांगा ना, कुठे होतात?”

फोनचा आवाज मोठा होता, खोलीत सगळ्यांना ऐकू जात होतं. साहेबांनी सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांची नजर कॉटच्या पायथ्याशी गेली. तिथे मेहुणा उभा होता, सोललेली बोटं काखेत धरून, कान देऊन ऐकत. आणि स्पर्धेला अजून चार दिवस होते.

साहेब थांबले. फार नाही, एक श्वास घ्यायला लागतो तेवढेच.

बायको त्यांच्याकडेच बघत होती. तिने हात पुढे करून फोन काढून घेतला आणि कानाला लावला.

“घरी ये तू सावकाश,” ती मुलीला म्हणाली. “बाबा सांगतील नंतर. आत्ता इथे मामा उभा आहे ना.”